कुठं पाणी मुरतंय

तिसऱ्यांदा गाडी तापली त्या दिवशी बबन हायवेवरून दोन कोस चालत घरी आला. मे महिना, दुपारचे दोन, लू अशी की पत्र्याला हात लागला तर कातडी निघावी. अंगात कंपनीनं सक्ती केलेला पांढरा शर्ट, तो पाठीला चिकटलेला. दारातच चपला भिरकावल्या आणि म्हणाला, "पाणी दे."

तोंडावर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते. मनात बबनच म्हणते, आणि इथं मनातलंच सांगायचंय, तेव्हा तेच चालू द्या.

पाणी दिलं. ते प्यायला नाही, डोक्यावर ओतून घेतलं. मग म्हणाला, "तुझ्या भावानं आपल्याला बुडवलं."

"झालं काय ते तर सांगा."

"काय व्हायचंय? मागं तीन साहेब बसलेले. मानेसरचा कारखाना अजून लांब, आणि काटा लाल रेघेवर. बॉनेट उघडलं तर भक्कन वाफ. साहेब लोक टाय बांधून उन्हात उभे. मॅनेजर काय म्हणाला माहितीय? और एक बार हुआ ना बब्बन, तो कल से मत आना. गेटवर शंभर गाड्या रांगेत आहेत म्हणाला." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "दोन महिन्यांपूर्वी बांधलेलं इंजिन तापतं कसं? जुनाच माल घातलाय त्यानं आत. नवं सामान विकून खाल्लं तुझ्या भूषणनं."

"जीभ आवरा," मी म्हणाले. "माझ्या भावाला चोर म्हणायचं काम नाही."

"चोर नाही म्हणालो अजून."

तो 'अजून' माझ्या काळजात रुतला. कारण माझं माहेर म्हणजे भूषण एकटाच. आई गेली, वडील गेले, दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर दुसऱ्या कुणाच्या नावावर झालं. वडील एका खात्यात शिपाई होते. मी परभणीकडं आजीजवळ वाढले, लग्नानंतर दिल्लीत आले. भूषण माझ्याहून बारा वर्षांनी धाकटा, जन्मला आणि वाढला त्या क्वार्टरमध्येच. कागदावर बुद्धभूषण, पण एवढं मोठं नाव हाक मारायला कुणाला वेळ आहे? आयटीआय करून त्यानं गुडगावच्या अलीकडं हायवेला गॅरेज टाकलं. त्याचं मराठी म्हणजे हिंदीला आमचं शेपूट लावलेलं. जेवताना "ताई, दही खट्टं आहे" म्हणायचा. आम्ही हसायचो, तोही हसायचा.

बबन त्याच खात्यात ड्रायव्हर. खात्यानं माणसं कमी करायला काढली तेव्हा यानं स्वेच्छेनं नोकरी सोडली, आणि अकरा वर्षं जी पांढरी मोटार चालवली तीच लिलावात घेतली. साहेबाच्या मांडीवरच्या फायली तिनं पाहिल्या होत्या, आता कारखान्याचे साहेब वाहायचे होते. मानेसरला नवे कारखाने उठत होते, शेतांतून भिंती निघत होत्या, मोहरीच्या रानात प्लॉटचे बोर्ड. त्या रस्त्यावरच्या एका गावात आम्ही चौधरीच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी, बबन आणि माझे सासरे. गाडी चालली तर चूल पेटायची. बाकी आम्हाला कशाचाच आधार नव्हता.

दुसऱ्या दिवशी चौधरीच्या ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत नेली. चौधरी मुद्दाम सावकाश चालवत होता, चहाच्या टपरीवर हात करत होता. बबन स्टिअरिंगवर मान खाली घालून. मागं मी आणि मामा. मामा म्हणजे सासरे, राजाभाऊ नाव, वय पंच्याहत्तरीच्या पुढं. हिंदीचा एक शब्द येत नाही, त्यामुळं गावात कुणाशी बोलणं नाही. गाडीत सकाळी पाणी भरायचं एवढं एक काम त्यांच्याकडं, आणि ते काम ते असं करायचे की जणू सरकारनं हुकूम दिलाय. पहाटे आंघोळ, मग बॉनेट, मग पाणी. ट्रॅक्टरमागं जातानासुद्धा पाण्याचा कॅन मांडीवर धरून बसले होते.

भूषणनं पहिल्यांदा तेलाची पट्टी ओढून बोटावर तेल घेतलं, उन्हात धरलं. "दाजी, बघा. तेल साफ आहे. पाणी आत जात असतं तर दुधासारखं झालं असतं."

"तेल मलापण दिसतं," बबन म्हणाला.

मग त्यानं चारही प्लग काढून फडक्यावर ओळीनं ठेवले. "ज्या सिलेंडरमध्ये पाणी घुसतं त्याचा प्लग धुतल्यासारखा पांढरा होतो. चारही एकसारखे तपकिरी आहेत." प्लग परत बसवले. गाडी रात्रभर थंड झालेली होती. त्यानं रेडिएटर काठोकाठ भरला आणि त्याच्या तोंडावर दुधाची रिकामी पिशवी रबरानं घट्ट बांधली. "आता चालू करा. गॅस्केट फुटलं असेल तर आतला धूर पाण्यातून वर येईल आणि पिशवी फुगेल."

बबननं चावी फिरवली. आम्ही सगळे त्या पिशवीकडं बघत राहिलो. मी तर मनातल्या मनात बुद्धाला हात जोडले, म्हटलं, फुगू देऊ नको रे. पिशवी थरथरली, पण लोळागोळा पडून राहिली. मिनिटभर, दोन मिनिटं.

"गॅस्केट ठीक आहे," भूषण म्हणाला. मग गाडीखाली सरपटत गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा बोटाच्या नखात पांढरी पापडी होती. "पाण्याच्या पंपातून गळतंय. सील खाल्लंय. सगळ्या जोडांवर हे असं पांढरं जमलंय." त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग बबनकडं. "दाजी, राग मानू नका. तुम्ही बोअरचं पाणी टाकताय."

"काय?"

"खाऱ्या पाण्याशिवाय असं होत नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं."

बबनचं डोकं फिरलं. "माझी बायको अर्धा कोस जाऊन गोडं पाणी डोक्यावर आणते, आणि तू मला शिकवतो? स्वतःचं पाप झाकायला आमच्यावर ढकलतो?" इथवर तो मराठीत बोलत होता. मग त्यानं गॅरेजकडं तोंड केलं. तिथं भूषणच्या हाताखालची चार माणसं, एक टेम्पोवाला, आपला चौधरी. बबननं हिंदी काढली, सगळ्यांना कळावं म्हणून. "सुन लो भाई, ये मेरा साला है. घर का आदमी. और चोर है. घर के आदमी का इंजन भी नहीं छोड़ा इसने."

चौधरी मिशीत हसला. भूषणचं तोंड पांढरं पडलं. त्यानं पाना उचलला, मला वाटलं आता मारतो. पण तो परत गाडीखाली गेला. संध्याकाळपर्यंत नवा पंप बसवून दिला. निघताना मी त्याच्याजवळ गेले, तर म्हणाला, "ताई, खरं सांग. बोअरचं टाकता ना?"

म्हणजे एकानं माझ्या भावावर संशय घेतला, आणि भावानं माझ्यावर.

त्या पाण्याचं आता सांगतेच. गावात पाणी दोन तऱ्हेचं. घरोघरच्या बोअरचं खारं, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. गोडं पाणी फक्त जोहडच्या, म्हणजे तिथल्या तळ्याच्या, काठच्या हापशाला. पहिल्याच आठवड्यात चौधरीणीनं विचारलं होतं, "बहू, कौन जात हो?" मी सांगितलं, बौद्ध. तिला ते कळलं नाही, मग कुणीतरी कळवलं. तेव्हापासून हापशावर माझा नंबर शेवटचा. मी आधी गेले तरी शेवटचा. बायका भरून होईपर्यंत उन्हात उभं राहायचं, आणि माझं झालं की पाठीमागं कुणीतरी दांडीवर तांब्याभर पाणी ओतायची. मला ऐकू जावं इतपत जोरात. रोज संध्याकाळी एक कॅन डोक्यावर, एक हातात. आमच्या पिण्याला एक आणि गाडीला एक. दिल्लीत अठरा वर्षं नळाला तोटी होती माझ्या. हे सगळं मी त्या मोटारीसाठी गिळत होते, आणि घरी त्यातलं काही सांगत नव्हते.

पंप बदलून चार दिवस झाले. मी हापशावरून येत होते तर बबन दारात उभा. चौधरीण ओसरीवर शेंगा सोलत बसलेली, तिच्या दोन सुना शेजारी.

"थांब," बबन म्हणाला. "कॅन उतरव."

मला वाटलं, मदत करतोय. उतरवला. त्यानं झाकण काढलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखलं. जिभेवर घोळवलं. मग दुसऱ्या कॅनमधलं चाखलं. म्हणाला, "ठीक आहे."

"काय ठीक आहे?"

"काही नाही. म्हटलं, कंटाळा करून अंगणातल्या बोअरचं तर भरत नाहीस."

चौधरीणीच्या सुना तोंडाला पदर लावून हसल्या. मराठी कळत नव्हतं त्यांना, पण नवरा बायकोचं पाणी चाखून बघतोय हे कळायला भाषा कशाला लागते? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दुसरा कॅन उचलला आणि तिथंच, त्याच्या पायाशी, सगळा पालथा केला. "आता उद्याचं तुम्ही आणा," म्हणाले. "रांगेत उभं राहून आणा. म्हणजे कळेल गोडं पाणी किती गोड असतं ते."

दुसऱ्या दिवशी तो गेला. रिकामा कॅन घेऊन आला. काय झालं ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवसापासून मीच जाऊ लागले. पण आमच्यात बोलणं तुटलं. चहा ठेवायचा, भाकरी वाढायची, तेवढंच.

रविवारी कंपनीला सुट्टी. सकाळी मी अंगण झाडायला आले तर गाडीखाली मातीत गंजाच्या रंगाचा ओला डाग. चांगला परातीएवढा. मी हाक मारली. बबन आला, बघितलं आणि मटकन खाली बसला. "उद्या गाडी तापली की संपलं," म्हणाला. तोंडात मारल्यासारखा दिसत होता. राग होता माझा, पण त्याचे ते खाली पडलेले हात बघवेनात.

मीच हायवेच्या फोनवरून भूषणला बोलावलं. म्हटलं, येणार नाही. पण आला, स्कूटरवर, हत्याराची पेटी पुढं ठेवून. बबनशी बोलला नाही. गाडीखाली गेला, बाहेर आला. "इंजिनच्या अंगाला पत्र्याच्या डाटी असतात, ताई. मार्चमध्ये मी नव्या ठोकल्या होत्या. एक सडून भोक पडलंय. नवा पत्रा दोन महिन्यांत सडत नाही." मग मला म्हणाला, "तीन ग्लास आण."

एकात मी आणलेलं पिण्याचं पाणी घेतलं. एकात चौधरीच्या बोअरचं. तिसऱ्यात त्यानं रेडिएटरखालचा नळ सोडून तांबूस पाणी घेतलं, फडक्यातून गाळलं. पहिलं चाखलं, मान हलवली. दुसरं चाखलं, थुंकला. तिसऱ्यात नुसतं बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड असं केलं की मीसुद्धा दचकले.

"दाजी," तो म्हणाला. गॅरेजमधल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा. "चाखा."

बबननं चाखलं. दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

"हे बोअरचं नाही," भूषण म्हणाला. "बोअर इतकं खारं कुठं आहे? यात कुणीतरी नमक टाकतंय."

आता बबनला नवा चोर मिळाला. चौधरीचा पुतण्या नवी गाडी घेऊन बसला होता, मानेसरच्या कामावर डोळा होता त्याचा. "तरीच! तरीच परवा विचारत होता, बब्बन, गाडी कैसी है." मला पटलं. खोटं कशाला बोलू, मला लगेच पटलं. चौधरीणीचं ते हसणं, तो ट्रॅक्टर सावकाश चालवणं, सगळं जुळत गेलं. मी म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगतेय, इथं कुठंतरी पाणी मुरतंय." बबननं तिथल्या तिथं एक साखळी आणली आणि बॉनेटला गुंडाळून कुलूप घातलं. चावी मामांना दिली. "बाबा, ही कुणाला द्यायची नाही. नंदालापण नाही." नंदा म्हणजे मी. मामांनी ती करदोट्याला बांधली.

भूषणनं डाट बदलली, आणि उद्यापासून आठवडाभर कंपनीच्या फेऱ्यांना एका मित्राची गाडी पाठवतो म्हणाला. "तोवर ही चालवू नका. रोज पाणी बदलत राहा, आतलं धुऊन निघू द्या."

मंगळवारी मी किराण्याला गेले. दुकानदार लाला बोलका. साखर बांधता बांधता म्हणाला, "बहनजी, भैंस ले ली क्या?"

"कुठली भैंस?" मी म्हणाले. "नहीं तो."

"तो ताऊ इतना नमक किसको खिलाते हैं? हर चौथे दिन बोरी पर उँगली रखकर मोटा नमक ले जाते हैं. मैंने सोचा, भैंस बाँधी होगी."

साखरेची पुडी हातातच राहिली. तिथं गुरांना खडे मीठ चाटायला ठेवतात. आमच्याकडं गुरं नव्हती. ताऊ म्हणजे कोण, तर आमचे मामा. मी कशी घरी आले ते मला आठवत नाही.

मामा बाजेवर बसले होते. मी म्हणाले, "मामा, तुम्ही मीठ आणता?"

"व्हय की," म्हणाले, जराही न दचकता. बाजेखालून डालड्याचा जुना डबा ओढला. अर्धा भरलेला, खडे मीठ. "माझ्या बिडीतलं वाचवून आणतो. तुझ्या घरातलं नाही घेत."

"कशाला आणता?"

"गाडीला. कशाला म्हंजी?" ते माझ्याकडं असं बघायला लागले की मलाच काही कळत नाही. "भूषणनंच सांगितलं ना. इंजिन बांधून दिलं त्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणला, आबा, पाण्याचं काम तुमचं. बोअरचं नका टाकू. रोज मीठं पाणी टाका. बस मीठं पाणी. मी इचारलं, मीठ कितीक? तर म्हणला, फुल, वरपर्यंत. आता वरपर्यंत मीठ कसं भरणार? मी आपलं मूठ मूठ टाकतो."

मी डब्यात हात घालून खडे बघितले.

"बराबर हाय ते," मामा पुढं सांगत होते. "कुल्फीवाला बर्फात मीठ नाही का टाकत? थंडावा राहतो. भाऊ हुशार हाय तुझा. अन् गाडी गळाया लागली तवा मी दोन मुठी करत गेलो. म्हणलं, कमी पडत आसंल."

मीठं पाणी. मीठा पानी. माझ्या भावाला गोडं पाणी म्हणता आलं नाही. हिंदीतलं उचललं, आमचं शेपूट लावलं, आणि म्हाताऱ्यानं आपल्या मराठीत ऐकलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चौधरीच्या पुतण्यावर आम्ही साखळी लावली होती, आणि चावी कुणाच्या करदोट्याला होती?

लपवायचं माझ्या स्वभावात नाही. बबन घरी आला तसं त्याला सगळं सांगितलं, मामांच्या समोर. तो ऐकत राहिला, डब्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल. पण तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. मामांना कळेना काय झालं. मी समजावलं तेव्हा ते डबा दोन्ही हातांनी धरून तसेच बसले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

"म्हणजे शेवटी चूक तुझ्या भावाचीच," बबन म्हणाला. अजून हसत होता.

"चूक?" मी म्हणाले. "तुम्ही त्याला चोर म्हणालात. चार लोकांत. हिंदीत. आणि माझं पाणी चाखलंत. उद्या चला माझ्यासोबत गॅरेजवर, आणि त्याच चार लोकांत माफी मागा. नाहीतर मी त्या हापशावर पाऊल ठेवणार नाही."

तो आला. कसा आला, कुणास ठाऊक. माफी मागायचीच म्हणून आला असेल, मला वाटतं. पण माणसाच्या तोंडाला जे वळण नसतं ते एका दिवसात कसं येणार? गाडी सावकाश चालवत गॅरेजवर आणली, तिथं तीच माणसं होती. बबननं भूषणच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं, हिंदीतच, ती हकिगत सांगायला लागला. रंगवून सांगितली. कुल्फीवाला सांगितला, मूठ सांगितली. शेवटी भूषणची नक्कल केली, "आबा, मीठं पाणी टाका! दही खट्टं आहे!" मग त्यांना मीठ म्हणजे नमक हे समजावलं. माणसं पोट धरून हसली. टेम्पोवाला म्हणाला, "वाह उस्ताद, इंजन का अचार डलवा दिया!"

"घ्या," बबन म्हणाला, "मिटलं सगळं. तूपण काय भूषण, धड मराठी तरी शिकायचं!"

मी भूषणकडं बघत होते. तो हसत नव्हता. चोर म्हटल्यावर जसं पांढरं पडलं होतं तसं तोंड नव्हतं त्याचं. शांत होतं, आणि तेच मला भीती घालत होतं. त्यानं फडक्यानं एक एक बोट पुसलं.

"मराठीत माझी चूक झाली, दाजी," तो म्हणाला. "अब नहीं होगी. गाड़ी छोड़ जाइए, जीजाजी. इंजन खोलना पड़ेगा. पाँच दिन लगेंगे."

"अरे, जीजाजी काय?" बबन म्हणाला.

"चाबी दे दीजिए."

पाच दिवस त्यानं काम केलं. मी रोज डबा घेऊन जायचे. इंजिन परत उतरवलं. आतली नळी न् नळी खरवडली, रेडिएटर कापून साफ केला, सगळ्या डाटी नव्या, हेड घासून आणलं, गॅस्केट नवं. मजुरी घेतली नाही. डबा मात्र तसाच परत द्यायचा. "खा लिया है, दीदी." मी म्हणाले, "भूषण, मी काय केलंय रे? मी तुझी ताई आहे." तो पान्यानं बोल्ट आवळत राहिला. "आपने कुछ नहीं किया, दीदी. आपसे कोई शिकायत नहीं." मी रडले, चिडले, पेटी लाथाडली त्याची. त्यानं हत्यारं गोळा करून परत जागेवर लावली. शेवटी मीच हिंदीत बोलायला लागले, आणि माझ्या सख्ख्या भावाशी बोलताना माझी जीभ अडखळली.

पाचव्या दिवशी बबन आणि मामा गाडी न्यायला आले. मामा यायला तयार नव्हते, बबननंच आग्रह केला. काही असो, बापाला त्यानं एका शब्दानं बोल लावला नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगेन. इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. कुठं थेंब नाही. बबन खाली वाकून, झोपून, सगळीकडून बघून आला. खिशातला हात बाहेर काढून म्हणाला, "भूषण, माझं चुकलं." हळू म्हणाला, पण म्हणाला. खरंच म्हणाला.

"कोई बात नहीं, जीजाजी," भूषण म्हणाला.

मामा काठी टेकत बॉनेटपाशी आले. पाण्याचं तोंड उघडंच होतं. "भूषणा, लेका. आता कोणतं पाणी टाकू? तूच सांग. तू सांगशील तेच टाकतो."

भूषण म्हाताऱ्याकडं बघत राहिला. त्याचा ओठ हलला, शपथेवर सांगते, मी पाहिलं. मग त्यानं मी आणलेला कॅन उचलला, पेल्यात पाणी ओतलं, आधी स्वतः एक घोट घेतला आणि पेला मामांच्या ओठाला लावला.

मामा प्यायले. "हे व्हय? हे तर गोडं पाणी." त्यांनी भूषणचा काळा, तेलकट हात धरला. "गोडं म्हणावं, बाळा. मीठं नाही. म्हण बरं एकदा. गोडं."

"जी, बाबूजी," भूषण म्हणाला. "यही डालना."

हात सोडवून घेतला, झाकण फिरवून घट्ट लावलं आणि बॉनेट खाली केलं.

परतताना बबन गाडी चालवत होता. बऱ्याच वेळानं मागच्या सीटवर मामांनी मला हळूच विचारलं, "नंदा, त्याला मराठी येत नाही का गं आता?"

"येतं, मामा," मी म्हणाले. "आपल्याशी बोलायचं नाही त्याला."